रुपेरी घ्यावी की काळी? जुनी रेंजफाइंडर लेन्स निवडताना

फिल्मचा नाद नव्यानं लागलेले असोत की मिररलेस कॅमेऱ्यावर जुन्या लेन्स लावून बघणारे, खरेदीच्या वेळी दोघेही एकाच प्रश्नाशी अडतात. लेन्स तीच, ५० मिमीची. कंपनी तीच, पुढच्या कडीवर कोरलेले आकडेही तेच. फक्त एक रुपेरी क्रोमची आणि दुसरी काळी. किमतीत मात्र बऱ्यापैकी तफावत, आणि विकणाऱ्याकडे जी असेल तिचीच तो तारीफ करणार. रुपेरी असेल तर म्हणेल, 'जुन्या काळचं भक्कम काम आहे साहेब'. काळी असेल तर म्हणेल, 'ही प्रोफेशनल लोकांची.'

उत्तर आधीच सांगून टाकतो. नळीच्या बाहेरच्या रंगामुळे फोटो बदलत नाही. पण रंग निरर्थक आहे असंही नाही. नळी कोणत्या धातूची आणि लेन्स साधारण कोणत्या काळातली, या दोन गोष्टी त्यावरून बऱ्याचदा कळतात. वजन, टिकाऊपणा, काचेवरचं कोटिंग, दुरुस्तीची शक्यता आणि किंमत हे सगळं त्या दोन गोष्टींवर ठरतं. आणि मीरा रोड-भाईंदरसारख्या, एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र आणि मधे मिठागरं अशा जागी राहणाऱ्यानं रंगाच्याही आधी आतल्या काचेची हालत बघायची असते.

रंगाखालचा धातू ओळखा

जुन्या लेन्सवर मुख्यतः पाच प्रकारचा बाह्य थर आढळतो.

निकेल सर्वांत जुना. लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत पहिल्यांदा लोकांसमोर आला, तेव्हा बॉडी काळ्या रंगाची आणि लेन्स निकेलची असे. क्रोम आलं १९३३ च्या सुमारास. निकेलची झाक किंचित पिवळट असते, क्रोमची निळसर पांढरी. दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो.

क्रोम म्हणजे बहुधा पितळेच्या नळीवर निकेल आणि त्यावर क्रोमचा पातळ, कडक थर. ओरखडे सहज पडत नाहीत, हाताचा घाम बराच काळ सोसतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या क्रोम लेन्स आजही नव्यासारख्या दिसतात त्या या कडकपणामुळे.

काळा रंग म्हणजे पितळेवर चढवलेला काळा लॅकर. तो वापरून झिजतो आणि कडांवर पिवळं पितळ डोकावू लागतं. संग्राहक याच झिजेवर भाळतात आणि तिचे पैसेही मोजतात.

काळं ॲनोडायझिंग ॲल्युमिनियमवर केलं जातं. इथे वरून रंग फासलेला नसतो. धातूच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइडमध्ये रूपांतर करून त्यात काळा रंग मुरवलेला असतो. झिजल्यावर कडा पांढुरक्या दिसतात. बाजारात सापडणाऱ्या काळ्या लेन्सपैकी बहुतेक याच जातीच्या.

पाचवा प्रकार काळ्या क्रोमचा. तो मुख्यतः १९७० नंतरच्या कॅमेऱ्यांवर दिसतो आणि लेन्सच्या खरेदीत क्वचितच आडवा येतो.

ओळखण्याची सोपी खूण म्हणजे झिजलेली कड. पिवळी दिसली तर पितळ, पांढुरकी दिसली तर ॲल्युमिनियम. कड झिजलेली नसेल तर लेन्स तळहातावर तोला. पितळेची घनता घनसेंटिमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे त्याच आकाराचा भाग पितळेत जवळपास तिप्पट जड. हाताला हे फसवता येत नाही.

काच एक, वजनं दोन

रंग आणि वजनाचं नातं स्पष्ट बघायचं तर लायकाची ५० मिमी एफ/२ समिक्रॉन घ्या. वॉल्टर मँडलर यांनी आखलेली तिची सहा काचांची रचना १९७९ पासून चालत आली. १९९४ च्या आवृत्तीत ती काळ्या आणि रुपेरी अशा दोन्ही रूपांत मिळू लागली. काच तीच, पण काळ्या लेन्सचं वजन सुमारे २४० ग्रॅम आणि रुपेरीचं ३३५. त्याच दशकातल्या ३५ मिमी समिक्रॉनमध्ये हेच आकडे २५५ आणि ३४० आहेत. दोन्हींतून निघणारे फोटो वेगळे ओळखून दाखवा म्हटलं तर कुणालाही ते जमणार नाही.

शंभरएक ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं घरी बसून वाटतं. पण सकाळी मीरा रोडहून चर्चगेट लोकलमध्ये गळ्यात कॅमेरा अडकवून उभे राहिलात, की ते ग्रॅम मानेला मोजून कळतात. उलट बाजूही आहे. जड लेन्समुळे छोट्या बॉडीचा तोल पुढे येतो आणि १/१५ किंवा १/३० सेकंदाला हात कमी हलतो असा अनेकांचा अनुभव आहे. दोन्ही वजनं हातात धरून बघितल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका.

जुन्या लेन्समध्ये रंग म्हणजे साल

वरचं उदाहरण सरळ होतं, कारण तिथे काच खरोखर एक होती. १९५० ते १९७० च्या काळात तसं नेहमी नसतं. तिथे रुपेरी आणि काळी या बऱ्याचदा दोन वेगळ्या आवृत्त्या असतात, म्हणून कंपनीगणिक वेगळा विचार करावा लागतो.

लायका. आत सरकणारी ५० मिमी समिक्रॉन १९५३ ची, आणि न सरकणारी घट्ट नळीची १९५६ ची. या दोन्ही एरवी क्रोमच्या. घट्ट नळीच्या लेन्समध्ये सात काचा आहेत. १९६९ मध्ये आलेली काळी समिक्रॉन सहा काचांची, नव्या रचनेची. 'जुनी रुपेरी समिक्रॉन की काळी' हा प्रश्न म्हणूनच रंगाचा उरत नाही. तो दोन वेगळ्या लेन्समधला आहे. जुनीचा कॉन्ट्रास्ट मऊ, नवीचा जास्त. १९५३ च्या लेन्सच्या पुढच्या काचेवरचं कोटिंग नाजूक असतं आणि त्यावर पुसण्याचे बारीक ओरखडे हमखास सापडतात, हेही लक्षात ठेवा. त्या काळातली काळ्या रंगाची खरी लायका लेन्स दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणूनच महाग. त्या किमतीतला मोठा भाग संग्राहकांच्या चढाओढीचा असतो, काचेचा नव्हे.

निकॉन. १९५० मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांना टोकियोत निक्कोर लेन्स हाती लागल्या. त्यांनी त्या कोरियन युद्धात वापरल्या आणि तिथून या लेन्सचा जगभर बोलबाला झाला. त्या पिढीतल्या ५ सेंमी एफ/१.४ आणि एफ/२ लेन्स क्रोमच्या, पितळी आणि आकाराच्या मानानं भलत्याच जड. पुढे पन्नासच्या दशकात काळ्या, हलक्या आवृत्त्या आल्या. रोज बाहेर न्यायची असेल तर काळी सुखाची. क्रोमची निवडलीत तर फोकस रिंग कशी फिरते ते आधी बघा, कारण एवढ्या जड रिंगमधलं जुनं ग्रीस घट्ट झालं की बोट दुखतं.

कॅनन. हिरोशी इतो यांनी आखलेली ५० मिमी एफ/१.८ लेन्स १९५१ मध्ये सेरेनार या नावानं क्रोममध्ये आली. नंतर नाव बदललं, नळी हलकी झाली, काळा रंग आला. या लेन्सला एक कुप्रसिद्ध खोड आहे: ॲपर्चरच्या पात्यांमागच्या काचेवर दुधाळ धूसरपणा साचतो. वंगणाची वाफ काचेवर बसते, आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली तर काच खाते. मग कितीही पुसली तरी डाग जात नाही. नंतरच्या काळ्या आवृत्त्यांत ही तक्रार जास्त ऐकू येते. कॅननच्या बाबतीत जड रुपेरी लेन्स अनेकदा शहाणपणाची ठरते, ती याच कारणानं. पण नियम म्हणून धरू नका. समोरचा नग तपासा.

सोव्हिएत लेन्स. ज्युपिटर-८, ज्युपिटर-३, इंडस्टार ही नावं मुंबईत झोर्की आणि फेड कॅमेऱ्यांसोबत दिसतात. इथे वरचा हिशेब पार उलटतो. रुपेरी ज्युपिटर-८ ही क्रोमची नसतेच, ती उजळ ॲल्युमिनियमची असते. त्यामुळे रुपेरी आणि काळीच्या वजनात सांगण्यासारखा फरक नाही. फरक आहे तो सालात. रुपेरी नळ्या बहुधा पन्नास-साठच्या दशकांतल्या, काळ्या त्यानंतरच्या. सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा निर्मितीचं साल सांगतात: ५८ नं सुरू होणारा नंबर म्हणजे साधारणपणे १९५८. कारखान्याची तपासणी नेहमी सारखी नव्हती, म्हणून या लेन्समध्ये रंगापेक्षा नगानग फरक मोठा. दोन-तीन बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

माउंटमध्ये फसू नका

रंगाच्या वादात गुंतलेला माणूस माउंट बघायला विसरतो, आणि घरी आल्यावर लेन्स कॅमेऱ्यावर बसत नाही. हे चार मुद्दे ध्यानात ठेवा.

जुन्या लायकाचा स्क्रू माउंट ३९ मिमी व्यासाचा. १९५४ मध्ये एम३ बरोबर लायकाचा एम माउंट आला. स्क्रू लेन्सला फिल्मपासून २८.८ मिमी अंतर लागतं आणि एम लेन्सला २७.८ मिमी. हा एक मिलिमीटर भरून काढणारी पातळ रिंग मिळते, त्यामुळे स्क्रू लेन्स एम बॉडीवर व्यवस्थित चालते. उलट दिशेनं चालत नाही.

झेनिट या सोव्हिएत एसएलआरच्या काही लेन्सही ३९ मिमीच्याच स्क्रूच्या आहेत, पण त्यांना ४५.२ मिमी अंतर लागतं. रेंजफाइंडरवर त्या आट्यात बसतात, पण फोकस होत नाहीत. मागच्या बाजूला रेंजफाइंडरची दांडी ढकलणारी, पुढेमागे सरकणारी कडी आहे का हे पाहिलं की घोळ टळतो.

निकॉनचा एस माउंट आणि काँटॅक्सचा माउंट दिसायला भावंडं. पण फोकसच्या आट्यांची चाल वेगळी. रुंद कोनाच्या लेन्स एकमेकांवर चालून जातात, ८५ मिमी आणि त्याहून लांब लेन्सचा फोकस चुकतो. मिररलेसवर लावायच्या असतील तर त्यांना फोकसची सोय असलेला खास ॲडॉप्टर लागतो, आणि तो साध्या ॲडॉप्टरपेक्षा महाग पडतो.

मिररलेसवर आत सरकणारी लेन्स कधीही आत ढकलू नका. मागची नळी शटरला किंवा सेन्सरला लागू शकते. ज्युपिटर-१२ सारख्या ३५ मिमी लेन्सची मागची काच खूप बाहेर येते. लावण्याआधी बॉडीत ती कुठे अडत नाही ना, ते पाहून घ्या. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी लेन्सचा कोन ७५ मिमीइतका अरुंद होतो, हेही हिशेबात धरा.

दुकानात करायची तपासणी

मीरा रोडकरांसाठी जुन्या लेन्सची जवळची मोठी बाजारपेठ म्हणजे फोर्टमधला बोरा बाजार, जिथे विक्रीची आणि दुरुस्तीची दुकानं जवळजवळ आहेत. नशीब आजमावायचं असेल तर ग्रँट रोडला उतरून चोर बाजारातली मटन स्ट्रीट. मुंबईला या छंदाची जुनी परंपरा आहे. इथल्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनेस बुकात नोंद झाली आहे. कुठेही जा, मोबाइलचा टॉर्च आणि जमल्यास ॲडॉप्टर लावलेला स्वतःचा मिररलेस कॅमेरा बरोबर ठेवा.

तपासणी या क्रमानं करा.

१. ॲपर्चर पूर्ण उघडा. टॉर्च मागच्या बाजूनं तिरका धरा आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखं दूध पसरल्यासारखं दिसलं तर धूसरपणा. कडेला इंद्रधनुषी चट्टा किंवा चंदेरी कड दिसली तर दोन काचा चिकटवणारं बाल्सम सुटतंय, आणि ते काम खर्चिक. बारीक धुळीचे दोन-चार कण मात्र निरुपद्रवी. त्यासाठी लेन्स नाकारू नका.

२. ॲपर्चर हळूहळू बंद करा. पात्यांवर तेलाची चकाकी आहे का पाहा. रेंजफाइंडर लेन्समध्ये पाती आपण हातानं फिरवतो, त्यामुळे थोडं तेल चालून जातं. पण तेच तेल पुढे काचेवर धूसरपणा आणतं, म्हणून किमतीत घासाघीस करायला हा मुद्दा पुरेसा आहे.

३. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधेच घट्ट, मधेच सैल असेल तर ग्रीस वाळलंय किंवा लेन्स कधीतरी आपटली आहे. पुढचा भाग बोटांत धरून हलका हलवा. खटखट झाली तर आतले स्क्रू सैल आहेत. रोजच्या प्रवासाच्या हादऱ्यांनी ते सैल होत राहतात.

४. स्क्रूंच्या खाचा आणि कडीवरच्या खाचा पाहा. त्या चावल्यासारख्या दिसल्या तर लेन्स कुणीतरी अवजारांशिवाय उघडलेली आहे. आत काचा उलट्या बसवलेल्याही असू शकतात.

५. फिल्टरची कडी चेपलेली नाही ना, बघा. मापंही लिहून ठेवा: जुन्या समिक्रॉनला ३९ मिमी, कॅनन ५० मिमी एफ/१.८ ला ४० मिमी, ज्युपिटर-८ ला ४०.५ मिमी, निक्कोर ५ सेंमी एफ/१.४ ला ४३ मिमी. कॅनन आणि ज्युपिटरच्या मापांतला अर्धा मिलिमीटर दुकानदारालाही चकवतो.

६. कॅमेऱ्यावर लावून दोन फोटो घ्या. एक दूरच्या इमारतीचा, ॲपर्चर पूर्ण उघडून. चारही कोपरे सारखे दिसले पाहिजेत. एक कोपरा वेगळाच मऊ असेल तर काच तिरकी बसली आहे. दुसरा फोटो उजेडासमोर. धूसरपणा डोळ्यांना दिसला नाही तरी इथे काळं राखाडी होऊन उघडा पडतो.

फिल्मच्या रेंजफाइंडरवर वापरायची असेल तर एक जास्तीची परीक्षा घ्या. एक मीटरवर मोजपट्टी तिरकी ठेवून, ॲपर्चर पूर्ण उघडून फोटो काढा. सोव्हिएत लेन्स लायकावर जवळच्या अंतरावर फोकस चुकवतात, कारण त्यांचं प्रमाण काँटॅक्सच्या हिशेबाचं. ५० मिमीला हा फरक कधी खपून जातो. ८५ मिमी एफ/२ ज्युपिटर-९ ला खपत नाही.

मागाहून रंगवलेली काळी

काळी महाग विकली जाते म्हटल्यावर रुपेरीला काळं करणारेही आले. मालकानं स्वतःच्या हौसेसाठी रंगवून घेतली असेल तर त्यात वावगं काही नाही, पण कारखान्यातली म्हणून विकली तर ती फसवणूक.

कोरलेले आकडे नीट पाहा. अस्सल लेन्सवर आकडे धातूत कोरून मग रंग भरलेला असतो. त्यांच्या कडा धारदार असतात. मागाहून फासलेल्या रंगानं या कडा बोथट होतात, खोली भरून येते. स्क्रूंच्या डोक्यांवर रंग आहे का, आट्यांमध्ये रंगाचे थेंब आहेत का, माउंटच्या आतल्या कडेला जुनं क्रोम दिसतंय का, ते बघा. झीज कुठे आहे तेही बघा. बोटं लागतात त्या जागी झीज नैसर्गिक. बोट कधीच न लागणाऱ्या खोबणीत पितळ चमकत असेल तर कुणीतरी कानसीनं म्हातारपण आणलंय. सीरियल नंबर त्या मॉडेलच्या काळाशी जुळतो का, हे घरी तपासून मगच मोठी रक्कम द्या. झोर्की किंवा फेडवर लायकाचं नाव कोरलेले कॅमेरे आणि त्यांच्या तशाच लेन्स बाजारात भरपूर आहेत. शोभेला ठीक, पण लायकाच्या भावात नको.

खाडीकाठची हवा

पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहते. बुरशीला एवढं पुष्कळ झालं. तिला काळी-रुपेरी कळत नाही. अंधार, ओल आणि न हलणारी हवा मिळाली की ती काचेवर पसरते.

म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं पाहा. त्याहून फार कोरडंही नको, ग्रीस सुकतं. लेन्स चार-पाचपेक्षा जास्त झाल्या की विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घेणं परवडतं. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, म्हणजे केव्हा गरम करून पुन्हा कोरडं करायचं ते कळतं. निळ्यापेक्षा नारिंगी बरं, कारण निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो.

चामड्याची जुनी पेटी कितीही देखणी असली तरी लेन्स तिच्यात साठवू नका. चामडं ओल धरतं, बुरशीला खाद्य पुरवतं, आणि पितळेला लागून राहिलं तर हिरवा मळ साचतो. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसाच्या माऱ्यानं आतून ओलावतं. डबा तिथे नको. डांबराच्या गोळ्यांशेजारी तर मुळीच नको. बुरशी मारायला लेन्स उन्हात वाळत घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही टाळा. काळी लेन्स उन्हात झपाट्यानं तापते, ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं. बुरशी कोवळी असताना जाणत्या कारागिराकडून साफ करून घेणं स्वस्त पडतं. तिनं कोटिंग खाल्लं की मग उपाय नाही.

खाऱ्या वाऱ्याचा परिणाम मात्र धातूप्रमाणे बदलतो. उत्तन-पालीच्या किनाऱ्यावर किंवा मिठागरांत फोटो काढून आलात, की नळी किंचित ओलसर कापडानं पुसून लगेच कोरडी करा. काचेला ते कापड लावू नका. क्रोमला बारीक छिद्रं पडली असतील तर खालून पितळेचा हिरवा गंज वर येतो. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. काळ्या हलक्या लेन्समध्ये ॲल्युमिनियमची नळी आणि पितळी माउंट एकत्र असतात. दोन धातूंच्या सांध्यात खारं पाणी राहिलं की गंज वेगानं चढतो, तेव्हा तो सांधा आवर्जून पुसा. ॲल्युमिनियमच्या कडीवर ॲल्युमिनियमचाच फिल्टर वर्षभर तसाच राहिला तर अडकून बसतो. पितळी कडीचा फिल्टर घ्या, किंवा महिन्यातून एकदा काढून पुन्हा लावा.

रस्त्यावर उतरल्यावर

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४८ मध्ये गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले. त्यांची सवय अशी की आपल्या लायकाच्या चमकत्या भागांवर ते काळी टेप चिकटवत, म्हणजे कॅमेरा लोकांच्या नजरेत भरू नये. कसलेल्या वृत्तछायाचित्रकारांना काळा कॅमेरा हवासा वाटायचा तो याच कारणानं.

आज मीरा रोड स्टेशनबाहेरच्या संध्याकाळच्या गर्दीत सगळ्यांच्या हातात मोबाइल असतात. छोटा कॅमेरा काळा की रुपेरी याकडे फारसं कुणी बघत नाही. तरी दोन ठिकाणी काळी खरोखर कामाला येते. काचेतून फोटो काढताना, मग ती दुकानाची काच असो की २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर धावणाऱ्या एसी लोकलची, रुपेरी लेन्सचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि फोटोत येतं. काळीचं बरंच कमी येतं. दुसरं, उत्तनच्या कोळीवाड्यात वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांजवळ किंवा मिठाच्या राशींसमोर भर दुपारी उभं राहिलात की क्रोमची चमक समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर जाते आणि तो डोळे बारीक करतो. उलट, गप्पांतून फोटो काढायचे असतील तर रुपेरी जुनी लेन्स बोलायला निमित्त देते. 'हा कुठला हो जुना कॅमेरा?' इथून सुरू झालेलं बोलणं कधी चांगल्या पोर्ट्रेटपर्यंत पोचतं.

उजेडासमोरची चकाकी टाळायची असेल तर रंगाच्या मागे न लागता हूड लावा. जुन्या, एकाच थराच्या कोटिंगच्या लेन्सना हूडचा जितका फायदा होतो तितका दुसऱ्या कशाचाच नाही.

मग कोणी कोणती घ्यावी?

पहिलीच जुनी लेन्स, खिसा मर्यादित: ज्युपिटर-८ घ्या. रंग बघू नका, दोन-तीन नगांतला सर्वांत स्वच्छ काचेचा आणि सुरळीत फिरणारा निवडा.

रोज बरोबर न्यायची, लोकलनं फिरायचं: काळी, ॲल्युमिनियमची. कॅनन असेल तर टॉर्चची परीक्षा दोनदा घ्या.

वर्षानुवर्षं ठेवायची, हळूहळू वापरायची: क्रोमची, पितळेची. थर टिकतो, आटे भक्कम असतात आणि काळ्या आवृत्तीभोवतीचा चढा भाव मोजावा लागत नाही.

जास्त कॉन्ट्रास्ट, रंगीत फिल्म, उजेडासमोरचं काम: नंतरच्या काळातली लेन्स. ती बहुधा काळी निघेल, पण ती निवडायची कोटिंगसाठी.

संग्रहासाठी, पुढे विकण्याच्या बेतानं: मूळ रंग, मूळ टोप्या, मूळ पेटी आणि जुळणारे नंबर असलेली. इथे रंगाला भाव आहे, म्हणून रंगाची तपासणीही तितकीच कडक हवी.

दुकानात दोन लेन्स समोर आल्या आणि एकीची काच धूसर, दुसरीची निर्मळ असेल, तर निर्मळ काचेची उचला, मग ती कोणत्याही रंगाची असो. दोन्ही निर्मळ असतील, फोकस दोघींचा बरोबर असेल आणि भावही जुळत असेल, तेव्हा मनाला भावेल तो रंग खुशाल घ्या. हातात धरावीशी वाटणारी लेन्सच शेवटी घराबाहेर पडते.